सुगीनंतर चार दिवस अलिबागेस

खरिपाचें धान्य कणगींत पडलें, हरभऱ्यास घाटे धरूं लागले, कीं पौष-माघांत बहुतेक शेतकऱ्यांस चार-आठ दिवसांची फुरसत सांपडते. ही फुरसत आमचे बांधव लग्नकार्यांत, जत्रेंत, नाहीं तर कचेरीच्या खेपांत घालवितात. केवळ मौजेसाठीं बायकामुलांस घेऊन परगांवीं जाणें हें अद्यापि पुष्कळांस उधळेपणाचें वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. देशावरील कित्येक सधन घरांतील म्हाताऱ्या माणसांनीं काशी-रामेश्वर केलें आहे, परंतु आपल्याच मुलखाचा समुद्र डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं. आणि मुलांस तर तो पुस्तकांतील चित्रांतच भेटतो. अशांकरितां समुद्रकांठच्या एकाच गांवाची माहिती येथें देत आहों. तें गांव अलिबाग.

हेंच गांव निवडण्याचें कारण असें कीं, समुद्राची मौज आणि शेतकऱ्याच्या नजरेस पाहण्याजोगी शेती हीं दोन्ही येथें अगदीं लागून आहेत. गांवाचें नांवच मुळीं बागेवरून पडलेलें. अली नांवाच्या एका सधन बेने इस्रायल गृहस्थाची येथें आंब्या-नारळांची बाग होती, ती अलीची बाग, म्हणून अलिबाग, अशी आख्यायिका आहे. हे बेने इस्रायल लोक पिढ्यान् पिढ्या घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांचें १८४८ सालीं स्थापन झालेलें प्रार्थनामंदिर गांवांत आजही उभें आहे.

पुण्याकडून येणारांनीं खोपोली-पेण या वाटेनें यावें. पेणपासून अलिबाग सुमारें तीस किलोमीटर. मुंबईवरून यावयाचें असल्यास अपोलो बंदरावरून लाँचनें तासाभरांत मांडव्यास उतरतां येतें व तेथून मोटार मिळते. समुद्रावरून येण्याची ही मौज मुलांस चुकवूं नये. पावसाळ्यांत मात्र या लाँचा बंद असतात.

आतां समुद्राविषयीं. देशावरील पाहुण्याची येथें एकच मोठी चूक होते. तो घड्याळ पाहून समुद्रावर जातो. समुद्र घड्याळ मानीत नाहीं, पंचांग मानतो. दिवसांतून दोन वेळां भरती व दोन वेळां ओहोटी येते, आणि प्रत्येक दिवशीं ती आदल्या दिवसापेक्षां पाऊण तासाहून थोडी अधिक उशीरा येते. यावरून किनाऱ्यावरील लोकांनीं एक सोपा हिशेब बसविला आहे: तिथीची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. पंचमी असल्यास पांचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारीं व पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती; तीपासून सहा तासांनीं, म्हणजे सकाळीं पावणेदहाला, पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो कीं वद्य पक्ष, हिशेब एकच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा हात राखावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी फार चढतें व तितकेंच खालीं जातें, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार थोडा, तो भांग. ज्यांच्या घरीं पेरणीसाठीं पंचांग उघडलें जातें, त्यांस हें दोन मिनिटांत उमगेल.

या हिशेबाचा खरा उपयोग कुलाबा किल्ल्यास जातांना होतो. किल्ला समुद्रांत खडकावर आहे. भरतीच्या वेळीं त्यास चहूंकडून पाणी, आणि ओहोटीस किनाऱ्यापासून चालत किंवा घोडागाडींतून तेथें जातां येतें. चाकें घोटाभर पाण्यांतून खळखळत चाललीं आहेत, पुढें तट वाढत आहे, आणि मागें गांवांतील माड लहान होत आहेत, यापरती मौज मुलांस दुसरी नाहीं. तृतीयेपासून पंचमीपर्यंतच्या तिथी यास उत्तम; ओहोटी सकाळीं सोयीच्या वेळीं येते आणि पाणीही चांगलें ओसरतें. अष्टमीच्या भांगाला ओहोटी भर दुपारीं येते, परंतु वाटेंत पाणी राहतें. पाणी ओसरत असतांना जावें आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभराच्या आंत परत फिरावें. भरतीचें पाणी समोरून येत नाहीं. आधीं सखल पट्ट्यांतून भरून पाठीमागची वाट बंद करतें. जो मागें न पाहतां चालतो त्यास हें कळतें तेव्हां कंबरभर पाणी झालेलें असतें.

पोहण्याविषयींही दोन शब्द स्पष्टच लिहितों, कारण दरवर्षीं या किनाऱ्यावर बाहेरगांवचीं तरणीं माणसें बुडतात, आणि त्यांत उत्तम पोहणारेही असतात. विहिरींत सूर मारणाऱ्यास पाण्याचें भय नसतें, हेंच त्याचें वैरी होतें. विहिरीचें पाणी माणसास कोठें नेत नाहीं, समुद्राचें नेतें. ओहोटी लागलेली असतां मुळींच खोल जाऊं नये. ओढीनें पाय सुटलाच, तर किनाऱ्याच्या रोखानें ओढीशीं झुंजत न बसतां किनाऱ्यास समांतर हात मारीत बाजूस सरकावें. ओढीचा पट्टा रुंद नसतो. मुलांनीं गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊं नये, आणि जेवणानंतर किंवा मद्य घेऊन तर कोणींच उतरूं नये. वाळूंत बसून लाटा अंगावर घेण्यांतही आनंद कांहीं कमी नाहीं.

किल्ल्याकडे वळूं. शिवाजी महाराजांनीं मार्च १६८० मध्यें त्याचें काम हातीं घेतलें आणि पुढील वर्षीं संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत तें पुरें झालें. कान्होजी आंग्र्यांचें हें मुख्य ठाणें. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून याजवर स्वारी केली व हात हालवीत परत गेले. तटाच्या प्रचंड शिळा चुन्यावांचून एकावर एक रचिलेल्या आहेत; लाटेचें पाणी सांध्यांतून शिरतें व तिचा जोर तेथेंच मोडतो. आंत राघूजी आंग्र्यांनीं १७५९ मध्यें बांधिलेलें सिद्धिविनायकाचें मंदिर आहे. आम्हांस मात्र सर्वांहून नवल वाटतें तें तेथील गोड्या पाण्याचें. सभोंवार खारा समुद्र आणि आंत विहिरीला पिण्याचें पाणी! जुन्या लोकांस पाण्याची जी पारख होती ती आमच्यांत उरली आहे काय, असा प्रश्न तेथें मनांत येतो. तटावरून उत्तरेस खांदेरी व उंदेरी हीं बेटें दिसतात. यांपैकीं खांदेरीची गणना २०२५ पासून जागतिक वारशांत झाली आहे. परत आल्यावर गांवांतील कान्होजींच्या समाधीचें दर्शन घ्यावें. १९०४ मध्यें येथें आलेली चुंबकीय वेधशाळाही गांवांतच आहे. मुंबईंत विजेच्या ट्राम सुरू होणार, त्यांनीं वेध बिघडतील, म्हणून ती कुलाब्याहून येथें हलविली. तिच्या बांधकामांत लोखंड वर्ज्य केलेलें आहे.

मुक्काम कोठें करावा? आमचें मत, गांवांत नव्हे. अलिबागेच्या दक्षिणेस आक्षी, नागांव, चौल, रेवदंडा अशी वाड्यांची ओळ आहे. वाडी म्हणजे नारळ-पोफळींचा बाग. मध्यें विहीर, पोफळीवर मिरवेल, खालीं केळी, आणि टोकास सरळ समुद्र. येथील अनेक वाडीवाले आपल्या घरांत पाहुण्यांस उतरवून घेतात व घरचें जेवण देतात. पहांटे झावळ्यांचा आवाज पाऊस पडल्यासारखा येतो आणि नवखा माणूस दचकून उठतो. या वाड्यांत उतरण्यास सोयीपलीकडे आणखी एक कारण आहे, तें सविस्तर सांगितलें पाहिजे.

३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें आणि एका दुपारींत या वाड्या आडव्या झाल्या. आजोबांनीं लाविलेले माड मुळांसकट उपटले, पोफळी मध्यावर मोडल्या. भाताचें पीक गेलें तर शेतकरी एका वर्षाला मुकतो. माड गेला तर नवें रोप फळावर येण्यास सहा-सात वर्षें जातात, आणि भरास येण्यास त्याहून अधिक. सावली गेल्यामुळें खालील केळी-मिरवेलीस ऊन लागलें तें निराळेंच. पडलेलीं खोडें वेळेवर उचललीं नाहींत तर कुजून त्यांत गेंड्या भुंगा वाढतो व उरल्या माडांचे शेंडे खातो. या अवस्थेंत ज्याच्या दारीं मुंबईचा धनिक नोटांची थैली घेऊन उभा राहिला, त्यानें वाडी विकली तर त्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु ज्यांनीं विकली नाहीं, त्यांपैकीं कित्येकांनीं चार खोल्या नीट करून पाहुण्यांच्या पैशावर मधलीं वर्षें काढलीं व रोपें जगविलीं. आपण दिलेलें खोलीचें भाडें रोपांच्या पाण्याला जातें, हें ध्यानांत घेऊन मुक्कामाची जागा निवडावी. वाडीवाल्याशीं विहिरीची गोष्टही अवश्य काढावी. पूर्वीं रहाटानें हळूहळू पाणी निघे. आतां पंपानें अधिक उपसल्यास समुद्राचें पाणी जमिनीखालून आंत सरकतें आणि गोडी विहीर मचूळ होते. देशावर आपण विहिरीखालीं विहीर खोल नेतों; येथें तसें करण्याची सोय नाहीं.

पौष-माघांत गेल्यास पोपटी चुकवूं नये. भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर येथें वाल घेतात. त्याच्या कोंवळ्या भरलेल्या शेंगा, मीठ, ओवा, आणि आवडीप्रमाणें बटाटे, अंडीं किंवा मसाला लाविलेलें कोंबडें मडक्यांत भरतात. तळाशीं व तोंडाशीं भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवितात. पाण्याचा थेंब घालावयाचा नाहीं. मडकें उताणें न ठेवितां पालथें घालून भोंवतीं पेंढा-काटक्यांचा जाळ करितात व अर्ध्या तासानें फोडतात किंवा उपडतात. रात्रीं शेतांत, थंडींत, हात भाजत शेंगा सोलून खाण्याची ही मेजवानी आपल्या हुरड्याची सख्खी बहीण होय. भांबुर्ड्याचा उग्र वास आधीं कित्येकांस रुचत नाहीं; दुसऱ्या मुठीला तो वास राहत नाहीं, चव होते.

मत्स्याहारी मंडळींनीं जिताडा मागावा. हा मासा खाडींतून येऊन खारपट्ट्यांतील तळ्यांतही वाढतो. खारपट्टा मात्र खाण्यापुरताच नव्हे, पाहण्यासारखाही आहे. अलिबाग-पेण वाटेवर खाडीच्या कडेनें मातीचे लांबच लांब बांध दिसतात. या बांधांनीं भरतीचें पाणी अडवून पिढ्यान् पिढ्या भातशेत केलेलें आहे. पावसानें मीठ धुऊन गेल्यावर तेथें मोड आणलेलें बीं फेकतात. बांध एकदां फुटला कीं जमीन पुढें दोन-तीन पावसाळे नीट पिकत नाहीं. याच भागांत चरी हें गांव आहे. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें कुळांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसण्याचें बंद ठेविलें, तो हा चरीचा संप. आमच्या वाचकांत जमीनदार वर्ग पुष्कळ आहे, त्यांस हा विषय कदाचित् गोड लागणार नाहीं; तरी सहा वर्षें उपासमार सोसून जमीन पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या मनाची स्थिति काय असेल, हें शेतकऱ्यावांचून दुसऱ्या कोणास कळावें?

आक्षीस एक शिलालेख आहे. तो शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा, असें कांहीं अभ्यासक वाचतात, व मराठींतील अति जुन्या लेखांत त्याची गणना होते. वर चंद्र-सूर्य, आणि दान मोडणाऱ्यास गाढवाची अशी कांहीं शिवी कीं ती येथें छापतां यावयाची नाहीं. सात-बारा व कचेऱ्या नव्हत्या तेव्हां दानाचें संरक्षण असें होत असे! चौल हें मोठें प्राचीन बंदर. पंधराव्या शतकांत अफनासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी विकावयास एक घोडा घेऊन येथें उतरला, आणि जनावर विकावयास नेणारास जो मनस्ताप नेहमीं होतो तो त्यासही झाला.

उत्तरेस थळ येथें १९८५ पासून चालू असलेला खताचा कारखाना आहे. आपल्या शेतांत पडणाऱ्या युरियाच्या कित्येक गोणी तेथूनच निघतात. त्यापुढें किहीम. सलीम अलींनीं १९३० मध्यें सुगरण पक्ष्याचा अभ्यास येथेंच केला. त्यांस आढळलें कीं घरटें विणतो तो नर. अर्धें विणून तो मादीस दाखवितो, तिनें पसंत केलें तर पुरें करून लगेच दुसऱ्या घरट्यास व दुसऱ्या मादीस लागतो. सुगरण हें स्त्रीलिंगी नांव त्यास आपण फुकट दिलें आहे. माघांत जुनीं घरटींच तेवढीं लोंबतांना दिसतील. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनीं कनकेश्वराच्या सुमारें सातशें पायऱ्या चढाव्या. वरील पुष्करिणीकांठीं दुपार थंड जाते.

परततांना कार्ले, खंडाळे या बाजूच्या रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. हाही भातानंतरचा, गोड व कमी तिखट कांदा. यास भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाहेरचा पांढरा कांदाही अलिबागचा म्हणून विकला जातो, तेव्हां शक्य तों शेताच्या बांधावरूनच घ्यावा. माघाच्या आरंभीं माल थोडा व ओला असतो. फाल्गुनांत तो भरपूर व सुकलेला मिळतो. वेणी पोत्यांत कोंबूं नये. मोटारींत टांगून आणावी व घरीं वाऱ्यावर अडकवून ठेवावी.