केसपेपरवरचे ‘टू’ आणि ‘ऑफ’

‘ही युज्ड टू च्यू खर्रा.’ आणि ‘ही इज युज्ड टू च्युइंग खर्रा.’ ही दोन इंग्रजी वाक्यं नीट पाहा. पहिल्यातला माणूस पूर्वी खर्रा खात असे, आता खात नाही. दुसऱ्यातल्या माणसाला खर्ऱ्याची सवय आहे आणि तो आजही खातो. फरक काय, तर एक ‘इज’ आणि एक ‘इंग’. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाईघाईत केसपेपर लिहिताना हा ‘इज’ गळतो आणि कागदावर उरतं ‘युज्ड टू च्युइंग’. मग सकाळी भूलतज्ज्ञ विचारात पडतात, की हा गडी सोडून बसलाय की खिशात पुडी घेऊन आलाय?

प्रश्न व्याकरणाच्या मार्कांचा नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने तोंडाच्या आतली कातडी ताठर होते, तोंड कमी उघडतं आणि श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. खर्रा सोडला तरी तोंड पूर्वीसारखं उघडेलच असं नाही, त्यामुळे ते तपासावं लागतंच. बिडी-सिगारेटच्या बाबतीत तर ‘होती’ आणि ‘आहे’ यांत फारच अंतर आहे. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी धूम्रपान बंद केलं, तर फुप्फुसाच्या आणि जखम भरण्याच्या अडचणी कमी होतात. म्हणजे तारीख ठरवताना हा काळ माहीत असावा लागतो.

इंग्रजीत असं का होतं? ‘टू’ हा एक शब्द दोन नोकऱ्या करतो. ‘युज्ड टू च्यू’मध्ये तो क्रियापदाला चिकटलेली शेपटी आहे. ‘इज युज्ड टू च्युइंग’मध्ये ‘युज्ड’ हे विशेषण आहे, ‘सवय झालेला’ या अर्थाचं, आणि ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय. अव्ययाला पुढे नाम लागतं. क्रियापद आलंच, तर त्याला ‘इंग’चा सदरा घालून नाम व्हावं लागतं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांच्या घरात होती, त्यांना हे पाठ असेल.

गंमत म्हणजे मराठी माणसाला हा नियम जन्मापासून येतो. आपणही ‘पडला भीती’ म्हणत नाही. ‘पडणे’ हे नाम करतो, त्याचं ‘पडण्या’ असं सामान्यरूप करतो आणि मग ‘पडण्याची भीती’, ‘गिळण्यास त्रास’, ‘चालण्यात अडचण’ असं म्हणतो. ‘इंग’ म्हणजे आपलं ‘ण्या’च. फक्त आपली अव्ययं मागे लागतात, इंग्रजीची पुढे. खरी डोकेदुखी वेगळीच आहे. कोणत्या विशेषणाला कोणतं अव्यय, हे इंग्रजीत तर्काने ठरत नाही. ‘केपेबल’ला ‘ऑफ’ आणि ‘स्वॅलोइंग’ लागतं, तर त्याच अर्थाच्या ‘एबल’ला ‘टू’ आणि साधं ‘स्वॅलो’. का, ते विचारू नये. पाठ करावं.

वर्ध्याच्या एका बाजूला सेवाग्राम, तिथलं वैद्यकीय महाविद्यालय १९६९चं. दुसऱ्या बाजूला सावंगी (मेघे), तिथलं १९९०चं. एवढ्याशा परिघात दोन वैद्यकीय महाविद्यालयं असल्यामुळे आमच्या जिल्ह्यात केसपेपर भरपूर तयार होतात. लिहिणाऱ्यांत देशभरातून आलेली मुलं असतात, तशी मराठी शाळेत शिकलेली आपल्याकडचीही असतात. सांगणारा रुग्ण मात्र वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतो. ‘पेत जाये’ आणि ‘पेते’ यांतला फरक त्याच्या बोलीत लख्ख असतो. इंग्रजीत उतरताना तो पुसट होतो. याच वर्ध्यात १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला होता. वैद्यकशास्त्र शिकवण्याची भाषा कोणती, हा वाद मी इथे काढत नाही. पण रुग्णाची मूळ तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी, असं आम्हाला पहिल्याच धड्यात शिकवतात आणि आम्ही ती लगेच इंग्रजीत लिहितो, हे मला चमत्कारिक वाटत आलं आहे.

त्यात लघुरूपांची भर. केसपेपरवर ‘ऑफ’चा नुसता ‘ओ’ उरतो. नावापुढे ‘एस/ओ’ म्हणजे अमक्याचा मुलगा. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये तेच ‘एस/ओ’ म्हणजे अमुक आजार सुचवणारं. वरच्या ओळीत ‘आर/ओ सावंगी’, म्हणजे राहणार सावंगी. खाली ‘आर/ओ टीबी’, म्हणजे टीबी नाही ना याची खात्री करा. हे वाचून टीबी झालाच असं समजून घरात ताट-वाटी वेगळी करणारी माणसं असतात. ‘डब्ल्यू/ओ’ म्हणजे कधी अमक्याची पत्नी, तर कधी ‘शिवाय’. तापाची पत्नी कोण, हे तुम्हीच शोधा!

आता भीतीकडे वळू. ‘अफ्रेड टू वॉक’ आणि ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’ या दोहोंतही भीतीच आहे, पण जात वेगळी. ‘टू’ आलं की माणूस ते काम करायला धजत नाही. ‘ऑफ’ आलं की ती गोष्ट आपल्या बाबतीत घडेल, अशी धास्ती असते. खुब्याचं हाड मोडून बरी झालेली आजी ‘मले पडाचा भेव वाट्टे’ म्हणते, तेव्हा ती दुसरी भीती सांगत असते, आणि तिच्यातूनच पहिली जन्मते. आजी चालत नाही, न चालल्याने मांड्यांचे स्नायू सुकतात आणि मग तोल खरोखरच जातो. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०मध्ये ही धास्ती मोजण्यासाठी रोजच्या दहा कामांची प्रश्नावली केली: अंघोळ, कपडे घालणं, खुर्चीतून उठणं आणि अशीच इतर. ‘न पडता हे करता येईल असा भरवसा किती वाटतो?’ असा तिचा रोख. घरीही हे विचारता येतं. आजी न्हाणीघराच्या नावाने कचरत असेल, तर तिथे भिंतीला पकडायला दांडी बसवावी, फरशी कोरडी ठेवावी, रात्री दिवा ठेवावा. ‘बसून राहा, पडशील’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण तो पायांचा घात करतो.

‘टायर्ड फ्रॉम वर्किंग’ आणि ‘टायर्ड ऑफ लिव्हिंग’ यांच्यातल्या अव्ययाला मी सर्वांत जास्त घाबरतो. ‘फ्रॉम’ म्हणजे कामाने आलेला थकवा. थोड्याशा कामाने तो येऊ लागला, तर मी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड बघतो, खोकला किती दिवसांचा ते विचारतो. ‘ऑफ’ म्हणजे कंटाळा, वीट. मराठीत त्यासाठी वेगळे शब्दच आहेत, ‘थकलो’ आणि ‘कंटाळलो’. पण आमच्याकडे माणसं दोन्ही एका दमात बोलतात: ‘लय थकलो जी, कंटाळा आला.’ कागदावर उमटतं ते फक्त ‘टायर्ड’, आणि ताकदीची गोळी लिहून दिली जाते. अशा वेळी थांबून विचारायला हवं: कशाचा कंटाळा? कामाचा की जगण्याचा? असं थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात घातला जातो, हा समज चुकीचा आहे. बहुतेकदा माणूस मोकळा होतो. नातेवाईकांनीही विचारावं, आणि उत्तर ‘जगण्याचा’ असं आलं, तर त्याला एकटं सोडू नये, घरातलं कीटकनाशक हाती लागणार नाही अशा ठिकाणी हलवावं आणि दवाखाना गाठावा. टेलिमानस ही सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलते.

शेवटी ‘सेन्सिटिव्ह टू’. लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांपुढे ‘सेन्सिटिव्ह’ आणि ‘रेझिस्टंट’ असं छापलेलं असतं. हे विशेषण कुणाचं? जंतूचं. जंतू त्या औषधाला ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे औषध त्याला मारेल; ही चांगली बातमी. पण इंजेक्शनआधी कातडीवर टोचून पाहतात, त्यालाही आपल्याकडे सेन्सिटिव्हिटी टेस्टच म्हणतात. तिथे ‘सेन्सिटिव्ह’ तुम्ही असता आणि ते औषध धोक्याचं ठरू शकतं. विशेषण तेच, अव्यय तेच, कर्ता बदलला. तो रिपोर्टवर कुठेच लिहिलेला नसतो. मग काही रुग्ण नेमकं उपयोगी पडणारं औषध नाकारतात, ‘मला ते चालत नाही’ म्हणून. उलट, खरी ॲलर्जी असलेला माणूस नुसतं ‘सेन्सिटिव्ह आहे’ एवढंच सांगतो आणि ऐकणारा डॉक्टर कल्चरचा विचार करत बसतो.

तुमच्या फायलीच्या पहिल्या पानावर मराठीत, पूर्ण वाक्यात एक नोंद ठेवा: कोणतं औषध, कोणत्या साली, घेतल्यावर किती वेळाने काय झालं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला की नुसती मळमळ झाली? औषधाचं नाव आठवत नसेल, तर जुनी चिठ्ठी किंवा गोळ्यांचं पाकीट त्याच पानाला टाचून ठेवा.