एकाच क्षणाचे दोन संकेत : खरे किती, योगायोगाचे किती?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी रात्री माळ्यावर बसला आहे, अशी कल्पना करू या. सळसळ होताच तो डबा वाजवितो. परंतु पाने वाऱ्यानेही सळसळतात. त्याच क्षणी शेजारच्या माळ्यावरही डबा वाजला, तर मात्र जनावर आल्याचा भरवसा वाढतो.

विश्वकिरणांतील कण ओळखण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. १९२९ साली जर्मनीत बोटे व कोलहर्स्टर यांनी दोन गणित्रे वापरून, दोहोंतून एकाच वेळी आलेले संकेत तेवढे विचारात घेतले. १९३० साली रॉसी यांनी याकरिता सुधारित विद्युत मंडल तयार केले.

तथापि, दोन संकेत एकाच वेळी येणे हा पुरेसा पुरावा नव्हे. समजा, प्रत्येक गणित्रात सेकंदाला १०० निरर्थक संकेत येतात आणि सेकंदाच्या दशलक्षांश भागाइतके मागेपुढे आलेले संकेत आपण एकाच वेळचे मानतो. तरीही केवळ योगायोगाने तासाला सुमारे ७२ जोड्या जुळतील! तिसऱ्या गणित्राची साक्ष आवश्यक केली, तर असा योगायोग सुमारे चार दिवसांतून एकदाच घडेल. आणखी एक उपाय आहे. एका गणित्राचा संकेत मुद्दाम थोडा उशिरा पोहोचवावयाचा. मग खऱ्या जोड्या जुळत नाहीत. जुळतात त्या फक्त योगायोगाच्या. त्यांची संख्या एकूण संख्येतून वजा केली जाते.

ही दक्षता किती मोलाची आहे, हे कोलारच्या सोन्याच्या खाणीत दिसून आले. तेथे सुमारे २,३०० मीटर खोलीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपान व इंग्लंडमधील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने उपकरणे बसविली होती. कण शिरताच क्षणिक प्रकाश देणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन उभ्या भिंती व त्यांच्यामध्ये निऑनच्या नळ्या, अशी ती रचना होती. चार संकेत एकाच वेळी आले, तरच नोंद होई. १९६५ साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंचा पुरावा येथे मिळाला. नोंदी मोजक्याच होत्या. त्यांत योगायोगाची भर पडली असती, तर निष्कर्षच डळमळीत झाला असता.

या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. परंतु दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून त्यांचा संबंध गृहीत धरू नये, आधी योगायोगाचे माप काढावे, हा धडा शाळेच्या वर्गात आणि पंचायतीच्या बैठकीतही तितकाच उपयुक्त आहे.