फंडे क्लिअर आहेत का, बॉस?

'एथिकल हॅकर' व्हायचं खूळ सध्या आयटीवाल्यांपासून बँकेतल्या मंडळींपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात आहे. पण टूल्सच्या मागे धावण्याआधी नेटवर्क बोलतं कसं, ते तर माहीत हवं!

११ ऑगस्ट २०१८. शनिवार. अख्खं पुणं वीकेण्डच्या मूडमध्ये. आणि नेमक्या त्याच दिवशी जगातल्या २८ देशांमधल्या एटीएमवर अनोळखी माणसं कार्ड सरकवून धडाधड नोटा काढत होती. पैसे कुणाचे? पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे. परदेशात सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी गेले, भारतात अडीच कोटी. सोमवार उजाडला तसे स्विफ्टवरून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात पोचले. हिशेब करा, ९४ कोटींच्या वर!

यात ना तिजोरी फुटली, ना कुणी बंदूक रोखली. मग झालं काय?

आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा मशीन स्वतःच्या मनाने काहीच ठरवत नाही. ते निरोप धाडतं, 'अमुक कार्ड, तमुक रक्कम, देऊ का?' निरोप बँकेच्या स्विचकडे जातो. स्विच कोअर बँकिंग सिस्टिमला विचारतो. खात्यात शिल्लक बघून होकार किंवा नकार उलट्या वाटेने परत येतो. चोरांनी मालवेअर घुसवून या साखळीत स्वतःचा एक तोतया स्विच उभा केला. हा पठ्ठ्या कोअर बँकिंगला काही विचारायच्या भानगडीतच पडत नव्हता. येईल त्या निरोपाला 'देऊन टाक'! म्हणूनच ग्राहकांच्या खात्यातून पैसे वजा झाले नाहीत, भुर्दंड बँकेला बसला. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

थोडक्यात, एटीएमला होकार मिळाला, पण होकार देणारा खरा कोण हे कुणी तपासलं नाही. कोण कुणाशी बोलतंय आणि तो खरंच तोच आहे कशावरून? नेटवर्क सिक्युरिटीचे नव्वद टक्के फंडे याच दोन प्रश्नांभोवती फिरतात. उरलेले दहा टक्के म्हणजे बॉसला बजेट मागणे!

हॅलो... हां, बोल!

आता क्लासवाल्यांकडे वळू. चकचकीत ब्रोशर, हुडी घातलेला पाठमोरा पोरगा, हिरव्या अक्षरांचा पाऊस आणि लॅपटॉपच्या किमतीशी स्पर्धा करणारी फी. पहिल्याच दिवशी काली लिनक्स उघडून देतात, चार कमांड मारायला लावतात, स्क्रीनवर काहीतरी सरसर पळतं आणि पोरं खूश. पण ते जे पळालं ते काय होतं, असं विचारा. सन्नाटा! आमचं स्पष्ट मत आहे, सीईएचसारख्या सर्टिफिकेटच्या आधी सीसीएनए पातळीचं नेटवर्किंग शिका. कंटाळवाणं वाटेल, पण ताल कळल्याशिवाय तबल्यावर कायदा वाजत नाही.

मुळात इंटरनेटवर आपला मेल किंवा फोटो अखंड जात नाही. त्याचे तुकडे होतात. प्रत्येक तुकडा म्हणजे पॅकेट, आणि त्यावर पाठवणाऱ्याचा नि घेणाऱ्याचा आयपी अॅड्रेस. आयपी अॅड्रेस म्हणजे बिल्डिंगचा पत्ता, पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर. वेबसाइट बघायची तर ४४३, जुन्या पद्धतीची असेल तर ८०. विंडोजचं फाइल शेअरिंग ४४५ वर, रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर. बोलणं सुरू व्हायच्या आधी दोन्ही बाजू तीनदा खाकरतात. 'हॅलो, ऐकू येतंय?' 'हो, येतंय, तुला?' 'मलाही, बोल.' टीसीपीचा थ्री-वे हॅण्डशेक म्हणतात तो हाच. पोर्ट स्कॅन करणारा माणूस एकेका फ्लॅटची बेल वाजवून नुसतं बघतो, 'ओ' कुठून येते ते.

हे सगळं पुस्तकात वाचून डोक्यावरून जातं. त्यापेक्षा वायरशार्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. १९९८ साली ते इथरीअल नावाने आलं, २००६ मध्ये नाव बदललं. आपल्याच लॅपटॉपवर पाच मिनिटं ते चालू ठेवा आणि एखादी वेबसाइट उघडा. बाप रे! तुम्ही एक क्लिक केलंत आणि लॅपटॉप किती ठिकाणी चौकशा करून आला, सगळं दिसतं. एचटीटीपीएसच्या साइटवरचा मजकूर अगम्य दिसतो, पण त्याआधी डीएनएसला विचारलेलं साइटचं नाव बऱ्याचदा उघडं असतं. तो एक शनिवार दहा लेक्चर्सना भारी पडतो.

कॅफेतल्या फुकट वाय-फायची भीतीही मग नीट समजते. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक एक्स्टेन्शन आलं होतं. शेजारच्या टेबलावरच्याचं फेसबुक अकाउंट एका क्लिकवर आपल्या स्क्रीनवर! कारण तेव्हा लॉगिन झाल्यावर बऱ्याच साइट्स एन्क्रिप्शन सोडून द्यायच्या. आज बहुतेक साइट्स पूर्णवेळ एचटीटीपीएसवर आहेत, त्यामुळे ती युक्ती सहसा चालत नाही. कॅफेच्याच नावाचं खोटं वाय-फाय उभारून लॉगिनचं नकली पान दाखवणं मात्र अजूनही सोप्पं आहे. ब्राउझरने सर्टिफिकेटची वॉर्निंग दिली की 'पुढे जा' दाबू नका, मागे फिरा.

वॉचमन एक, किल्ली एक

फायरवॉल म्हणजे सोसायटीचा वॉचमन. येणाऱ्याला अडवतो, रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावतो. पण बाहेर टीव्ही घेऊन निघालेल्याला हटकतो का? बऱ्याच ऑफिसांत फायरवॉल अशीच असते, आत येणाऱ्यावर डोळे वटारलेले आणि बाहेर जाणाऱ्याला सलाम. आणि एकदा गेटच्या आत शिरलं की सगळ्या फ्लॅटना एकच किल्ली!

याचा फटका आपल्या दारातच बसलाय. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या सुटला. सुरुवात युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमधून फिरत तो थेट नवी मुंबईतल्या जेएनपीटीवरच्या त्यांच्या टर्मिनलपर्यंत आला. काम ठप्प, कंटेनर खोळंबले. तो ज्या फटीतून शिरायचा, तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण नॉटपेट्या एका मशीनवरचे पासवर्ड उचलून पॅच केलेल्या मशीनवरही उडी मारायचा. मर्स्कला दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी नव्याने उभारावे लागले, हे त्यांच्याच अध्यक्षांनी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं. अकाउंट्स, गोदाम, रिसेप्शन यांचे नेटवर्क वेगळे ठेवायचे, मध्ये दारं आणि प्रत्येक दाराला वेगळी किल्ली, याला सेगमेंटेशन म्हणतात. घरीही करता येतं. राउटरवर गेस्ट नेटवर्क चालू करून स्मार्ट टीव्ही त्यावर टाका, आणि राउटरचा कंपनीने दिलेला अॅडमिन पासवर्ड आजच बदला.

हात साफ कुठे करायचा?

ऑफिसच्या नेटवर्कवर नक्कीच नाही! लंच टाइममध्ये सहज म्हणून एनमॅप चालवाल आणि दुपारी चहाऐवजी एचआरचं बोलावणं येईल. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं आयटी अॅक्टच्या कलम ४३ मध्ये बसतं. अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्स घ्या, त्यात मेटास्प्लॉइटेबल २ टाका. ही सरावासाठी मुद्दाम भोकं पाडून ठेवलेली मशीन आहे, म्हणून नेटवर्क सेटिंग 'होस्ट-ओन्ली'च ठेवा, ती इंटरनेटला जोडू नका. एनमॅपने तिच्याकडे बघितलंत की डझनावारी पोर्ट उघडे दिसतील. प्रत्येकासमोर वहीत लिहा, हा कशाला उघडा आहे आणि बंद केला तर काय अडेल. २१ नंबरवर एक जुना एफटीपी सर्व्हर भेटेल, व्हीएसएफटीपीडी २.३.४. २०११ मध्ये याची डाउनलोड फाइलच कुणीतरी बदलून ठेवली होती. युजरनेमच्या शेवटी :) असा हसरा चेहरा टाइप केला की ६२०० नंबरचं चोरदार उघडतं. करून बघा, आणि शेजारी वायरशार्क चालू ठेवायला विसरू नका.