‘ही टेक’ कधी बरोबर असते?

कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असला की वर्तमानकाळी क्रियापदाला ‘एस’ लावायचा, हा नियम आपण शाळेत घोटलेला असतो. म्हणूनच ‘द डॉक्टर रेकमेंड्स दॅट ही टेक रेस्ट’ असे छापलेले दिसले की चूक वाटते. ती चूक नाही. हा इंग्रजीतला सब्जंक्टिव्ह.

मागणी, सूचना, आग्रह किंवा आवश्यकता सांगणाऱ्या सजेस्ट, डिमांड, इन्सिस्ट, एसेन्शियल अशा शब्दांनंतर ‘दॅट’ने सुरू होणाऱ्या गौणवाक्यात क्रियापद मूळ रूपातच राहते. मुख्य वाक्य भूतकाळी असले तरी ते बदलत नाही: ‘शी आस्क्ड दॅट ही कम अर्ली’. ‘इज’ किंवा ‘आर’च्या जागी ‘बी’ येते. नकारासाठी ‘डू’ न लावता नुसते ‘नॉट’ पुरते: ‘दॅट ही नॉट बी डिस्टर्ब्ड’.

रूप बदलले की अर्थही बदलतो. ‘शी इन्सिस्ट्स दॅट ही ईट्स फिश’ म्हणजे तो मासे खातो, असे ती ठामपणे सांगते. ‘शी इन्सिस्ट्स दॅट ही ईट फिश’ म्हणजे त्याने मासे खावेत, असा तिचा आग्रह आहे. मराठीत हाच भेद ‘खातो’ आणि ‘खावे’ यांत आहे.

अमेरिकी इंग्रजीत हे रूप सर्रास चालते. ब्रिटिश लेखनात त्याऐवजी ‘शुड’ही बरेचदा दिसतो. वरच्यासारख्या शब्दानंतर शंका आली, तर गौणवाक्याचा मराठी अर्थ लावून पाहा. तो विध्यर्थी निघाला, तर ‘एस’ बिनधास्त गाळा.