शाळा भरली, मंडळी लहान राहिली

ठाकूरद्वारहून प्रार्थना समाजाकडे निघालं की गिरगावात स्कॉटिश मिशनच्या दोन जुन्या खुणा लागतात: अंब्रोली चर्च आणि विल्सन हायस्कूल. ‘गिरगाव चर्च’ म्हटलं तर बसचा कंडक्टर सेंट तेरेजापाशी उतरवतो. ते कॅथलिकांचं, १७७३ सालचं. अंब्रोली पुष्कळ गिरगावकरांना सांगून कळत नाही. विल्सन मात्र सर्वांना ठाऊक.

या दोघांचं मूळ एकच. १८२९च्या फेब्रुवारीत चोवीस वर्षांचा मिशनरी जॉन विल्सन पत्नी मार्गारेटसह मुंबईत उतरला आणि मराठी शिकायला कोकणात हर्णै-बाणकोटला गेला. गिरगाव तेव्हा कोटाबाहेरचं, माडांच्या वाड्यांचं गाव. १८३१ साली विल्सनने मूठभर माणसांची एतद्देशीय ख्रिस्ती मंडळी, म्हणजे आजची अंब्रोली, स्थापली आणि १८३२च्या मार्चमध्ये इंग्रजी शाळा काढली. मुलींच्या शाळा मार्गारेटने त्याआधीच सुरू केल्या होत्या. १८३५ साली ती वारली, पण ते काम पुढे चालू राहिलं.

विल्सनच्या लेखी शाळा ही चर्चची वाट होती. पालकांना हवं होतं इंग्रजी. बायबलचा तास ते चालवून घेत. १८३९च्या मे महिन्यात धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी मुलं काढून घेतली, वर्ग ओस पडले. मंडळीत दोन माणसं वाढली की शाळेतली शेकड्याने कमी होत, असा हा हिशेब.

१८४३ साली मिशनच्या शाळेतले नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं, आणि प्रश्न उभा राहिला: मिशनऱ्यांकडे जेवलेल्या पोराला पंक्तीला घ्यायचं का? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं अशी बाजू घेतली, आणि ब्राह्मणांतच दोन तट पडले. वाद मिशनच्या शाळेतून निघाला, पण शास्त्रार्थ झाला तो हिंदूंच्या घरात.

त्याच वर्षी स्कॉटलंडचं चर्च फुटलं. विल्सन फुटून निघालेल्या फ्री चर्चबरोबर गेला आणि जुन्या संस्थेवर पाणी सोडून नव्याने शाळा मांडून बसला. त्या शाळेत बाबा पदमनजी शिकले. १८५७चं ‘यमुनापर्यटन’ त्यांचंच. विधवांची दशा मांडणारं ते पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानलं जातं.

पुढे या शाळेतून वाढलेलं विल्सन कॉलेज चौपाटीवर गेलं. जॉन ॲडम्सने आखलेली ती इमारत १८८९ची. हायस्कूल गिरगावातच राहिलं. त्याने चाळीचाळींतून पोरं शिकवली आणि बहुतेक सगळी आपापल्या धर्मातच राहिली. विल्सनने मोजायला घेतलं असतं ते बाप्तिस्म्यांनी. गिरगावने मोजलं ते मॅट्रिकच्या निकालांनी. त्या मापात शाळा जिंकली, आणि तिला जन्म देणाऱ्या मंडळीचा पत्ता आज शाळेच्या नावानेच सांगावा लागतो.