तुरीचं क्षेत्र किती धरायचं?

शिरूर अनंतपाळच्या काळ्या रानात चार तास (ओळी) सोयाबीन, दोन तास तूर हा पेरा नवा नाही. शेतकऱ्याने स्वतः पीक नोंदवायच्या ई-पीक पाहणी अ‍ॅपमध्ये तो भरायला घेतला की अ‍ॅप विचारतं, निर्भेळ पीक की मिश्र? मग पिकाचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख, पिकात उभं राहून फोटो. बोट अडतं ते क्षेत्राच्या रकान्यापाशी.

आकडा कोणाला, कशासाठी हवा, यावर उत्तर अवलंबून आहे. शेतकऱ्याला विमा आणि हमीभावाची खरेदी हवी, तलाठ्याला सातबारा खरा हवा, कृषी खात्याला एकूण पेरा. १५ ऑगस्ट २०२१ला सुरू झालेल्या या अ‍ॅपवर एवढ्यांची भिस्त आहे. टोरांटोच्या एरिक यू यांनी १९९५च्या प्रबंधात मांडलेली 'आय-स्टार' पद्धत हीच भिस्त कागदावर उतरवते: कोण, कोणावर, कशासाठी विसंबून आहे. अ‍ॅपची स्क्रीन आखायची ती त्यानंतर. माझ्या मते अ‍ॅपने क्षेत्राऐवजी तासांची संख्या विचारावी आणि हिशेब स्वतः करावा. हे सुचतं ते 'कशासाठी'पासून सुरुवात केली तरच.

'कशासाठी'चं उत्तर म्हणजे उद्दिष्ट. त्याखाली 'कसं?' विचारत गेलं की फांद्या फुटतात. नोंद खरी असल्याची खात्री फोटोने होईल किंवा तलाठ्याच्या तपासणीने किंवा उपग्रहाच्या चित्राने. जिथे 'किंवा' येतो, तिथेच एका गाभ्यातून अनेक अ‍ॅप घडवता येतात. सॉफ्टवेअरची प्रॉडक्ट लाइन म्हणतात ती हीच. क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये मांडलेला फीचर-वृक्ष काय बदलतं ते दाखवतो. का बदलतं, ते उद्दिष्टांचं झाड सांगतं. सीमेपलीकडे बिदरमध्ये पीक पाहणीला कर्नाटकाचं स्वतःचं अ‍ॅप आहे. तिथे सातबाऱ्याच्या जागी आरटीसी उतारा, हेक्टर-आरऐवजी एकर-गुंठे. गट, खातेदार, पीक, फोटो हा गाभा मात्र तोच.

काही उद्दिष्टं हो-नाहीत मोजता येत नाहीत. वापरायला सोपं असणं, विश्वास बसणं. त्यांना सॉफ्टगोल म्हणतात आणि प्रत्येक पर्यायापुढे त्यांच्यासाठी अधिक किंवा उणे लिहितात. ई-पीक पाहणीच्या २०२२च्या आवृत्तीत फोटो गटापासून किती लांबून काढला हे दिसू लागलं. विश्वासापुढे अधिक. पण फोनचं जीपीएस चुकलं तर शेतात उभा असलेला माणूसही लांब ठरतो, म्हणून सोपेपणापुढे उणे. तो उणे उद्दिष्टांच्या आकृतीत लिहिलेला असला, तरच पुढच्या बैठकीत कुणीतरी त्याच्यावर बोट ठेवतं.