नॉर्फोक परगण्यातील रानपक्षी व त्यांची लोकनामे

इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉर्फोक परगण्याला उत्तरेस व पूर्वेस उत्तर समुद्राचा किनारा लाभला आहे. वायव्येस वॉशचे उथळ आखात, पश्चिमेस फेन नावाने ओळखली जाणारी सखल दलदलीची भूमी आणि पूर्वेस ब्रॉड्स हा सरोवरांचा प्रदेश, अशी त्याची रचना आहे. ही सरोवरे निसर्गनिर्मित नसून, मध्ययुगात इंधनासाठी खणलेल्या पीटच्या खाणी पुढे पाण्याखाली गेल्याने ती निर्माण झाली, हे जॉइस लँबर्ट या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात सप्रमाण दाखविले. पाणी, चिखल व बोरूची बेटे यांच्या या मुलखात ऋतूगणिक पक्षी बदलतात. त्यांची मोजदाद हा पक्षिशास्त्राचा विषय होय. परंतु त्यांना मिळालेली नावे हा भाषेच्या अभ्यासकाचा विषय आहे. पक्षी आणि त्याचे नाव यांचे आयुष्य एकच असते काय, हा प्रश्न या परगण्यात विशेष स्पष्टपणे उभा राहतो.

या विषयाचे जुने व महत्त्वाचे साधन म्हणजे नॉरिच येथे वैद्यक करणारे ग्रंथकार सर टॉमस ब्राउन (१६०५–१६८२) यांची टिपणे. परगण्यातील पक्ष्यांविषयी त्यांनी लिहून ठेवलेला हा मजकूर त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळाने छापला गेला. क्लॅक्स्टन व रीडम येथील बगळ्यांच्या सारंगारात 'शव्हलर्ड' नावाचा पक्षी पूर्वी घरटी करीत असे, अशी नोंद त्यांत आहे. हा पक्षी म्हणजे आपल्याकडील चमचा. इंग्रजी नावाच्या मुळाशी फावडे आहे आणि मराठी नावात चमचा आहे. दोन्ही भाषांची दृष्टी प्रथम चोचीवरच स्थिरावली, हे उघड आहे. पुढे चमचा इंग्लंडातून विणीचा पक्षी म्हणून नाहीसा झाला, आणि त्याचे नाव किंचित पालटून रुंद चोचीच्या एका बदकाकडे गेले. आज 'शव्हलर' म्हणजे ते बदक होय. २०१० साली नॉर्फोकमधील होकम येथे चमच्यांची वसाहत पुन्हा वसली. परंतु परतलेल्या पक्ष्याला आपले जुने नाव परत मिळाले नाही. ते दुसऱ्याच्या घरी कायमचे नांदू लागले होते.

वसंत ऋतू या प्रदेशात डोळ्यांच्या आधी कानांना जाणवतो. बगळ्याच्या कुळातील बिटर्न हा पक्षी बोरूत इतका बेमालूम मिसळून उभा राहतो की, तो सहसा दृष्टीस पडत नाही. मात्र नराचा घुमणारा खर्जातील आवाज मैल दोन मैलांवरून ऐकू येतो. त्याला लोक 'बटरबंप' म्हणत. या नावातील 'बटर'चा लोण्याशी संबंध नसून, ते बिटर्न याच नावाचे जुने रूप आहे, आणि 'बंप' ही त्याच्या घुमण्याची अनुकृती आहे. पाणलावा या ऋतूत आकाशातून सूर मारतो, तेव्हा त्याच्या शेपटीची कडेची पिसे हवेत थरथरतात व कोकराच्या बेंबाटण्यासारखा ध्वनी उमटतो. म्हणून त्याचे नाव 'समर लँब', म्हणजे उन्हाळ्यातील कोकरू. पक्षी न पाहताही तो ओळखणाऱ्या, मेंढरांच्या सहवासात राहणाऱ्या लोकांनीच हे नाव दिले असले पाहिजे.

उन्हाळ्यात बोरूच्या रानात लांब शेपटीचा, तांबूस रंगाचा एक लहान पक्षी पिलांसह वावरताना दिसतो. ग्रंथांतून त्याला 'बिअर्डेड टिट' म्हणत. नॉर्फोकच्या बोलीत तो 'रीड फेझंट', म्हणजे बोरूतला फेझंट होता. शास्त्रदृष्ट्या तो टिटही नव्हे व फेझंटही नव्हे. त्याचे कुळ स्वतंत्र आहे. आता पक्षिशास्त्रज्ञ त्याला 'बिअर्डेड रीडलिंग' म्हणू लागले आहेत. म्हणजे टिट हा चुकीचा शब्द गळला आणि बोलीने पूर्वीच हेरलेला बोरू शास्त्रीय व्यवहारातील नावात आला. राखी बगळ्याला येथे 'हार्न्सर' म्हणतात. हे जुन्या फ्रेंचमधील बगळ्याच्या पिलाच्या नावाचे रूपांतर होय. गाणाऱ्या कस्तुराचे 'मेव्हिश' हे नावही फ्रेंचमधूनच आले. ज्या शब्दांना आज शुद्ध ग्रामीण मानले जाते, त्यांतील काही एकेकाळी परदेशी राज्यकर्त्यांच्या भाषेतून आलेले होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

शरद ऋतूतील नावांत समुद्राकाठच्या लोकांचा अनुभव साठला आहे. ऑक्टोबरच्या सुमारास स्कँडिनेव्हियाकडून उत्तर समुद्र ओलांडून 'गोल्डक्रेस्ट' हा पाचसहा ग्रॅम वजनाचा चिमुकला पक्षी किनाऱ्यावर उतरतो. त्याच्यामागून थोड्याच दिवसांनी वुडकॉक येतात. यावरून लोकांनी गोल्डक्रेस्टला 'वुडकॉक पायलट' हे नाव दिले. बंदरात शिरणाऱ्या जहाजापुढे वाटाड्या असतो, तसा हा इवला जीव मोठ्या पक्ष्यापुढे चालतो, अशी ती कल्पना. कार्यकारणभाव चुकीचा आहे. कालक्रमाचे निरीक्षण मात्र अचूक आहे.

हिवाळ्यात आइसलँड व ग्रीनलंड येथून गुलाबी पायांचे कादंब हजारोंनी येतात. रात्री ते भरतीओहोटीच्या सपाट वाळूवर विसावतात आणि पहाटे ओळी धरून शेतांकडे जातात. साखरबीटचे पीक काढल्यावर शेतात उरलेले शेंडे हे त्यांचे मोठे खाद्य होय. बीटपासून साखर करणारा मोठा कारखाना याच परगण्यातील कँटली येथे १९१२ साली सुरू झाला, म्हणजे हा आहारक्रम फारसा जुना नव्हे. या पक्ष्यांना दुर्बिणी घेऊन हिंडणारे निरीक्षक 'पिंकफीट' एवढेच म्हणतात. शिकारी व कोळी यांच्या जागी आलेल्या नव्या भाषिक समूहाची ही नवी बोली आहे.

जुनी नावे का मागे पडली, याची कारणे दोन प्रकारची आहेत. पहिले कारण पक्ष्यांचाच लोप. सतराव्या शतकापासून फेनमधील पाण्याचा निचरा होत गेला. बंदुका व अंडी गोळा करण्याची हौस यांनी उरलेले काम केले. वर वळलेल्या चोचीचा ॲव्होसेट, ज्याचे 'शू-इंग हॉर्न' म्हणजे बूट चढविण्याचे शिंग हे नाव ब्राउन यांनी नोंदविले आहे, एकोणिसाव्या शतकात येथे वीण करीनासा झाला. त्याची पिसे गळाच्या कृत्रिम माश्यांसाठी व अंडी पक्वान्नांसाठी वापरली जात. बिटर्नची वीणही त्या शतकाच्या अखेरीस थांबली. दुसरे कारण प्रमाणीकरणाचे. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेने १८८३ साली प्रमाण नावांची यादी प्रसिद्ध केली. शाळा व सचित्र पुस्तके यांनी असली नावे घरोघर नेली.

यांपैकी पहिली हानी बऱ्याच अंशी भरून आली. १९११ साली एमा टर्नर व जिम व्हिन्सेंट यांना सटन ब्रॉड येथे बिटर्नची वीण आढळली. १९२६ साली क्लाय येथील पाणथळ विकत घेऊन ती राखण्यासाठी परगण्यात विश्वस्त संस्था स्थापन झाली. तेथे १९७७ साली ॲव्होसेटने पुन्हा घरटे केले. क्रौंच ब्रिटनमधून सुमारे १६०० साली वीण करीत नाहीसे झाले होते; ते १९७९ साली हॉर्सी येथे आले आणि १९८२ साली त्यांचे पिलू उडाले. क्रौंचांच्या बाबतीत भाषेने विलक्षण निष्ठा राखली. त्यांच्या अनुपस्थितीच्या जवळजवळ चार शतकांत क्रॅनवर्थ या नॉर्फोकमधील गावाच्या नावात ते टिकून होते. क्रौंच वावरत असलेले कुंपण, असा त्या नावाचा अर्थ आहे.

यावरून असे दिसते की, पक्षी व नाव यांचे आयुष्य एक नसते. क्रौंच गेला, नाव राहिले. बिटर्न परतला, बटरबंप परतला नाही. पाणी अडविले, बोरू राखला व घरटी सांभाळली की पक्षी येतो. शब्दासाठी मात्र असे राखीव रान नाही. त्याला बोलणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाचे त्या पाण्याशी व त्या ऋतूशी रोजचे काम लागते. बोरू कापणारा, मेंढरे राखणारा, पहाटे नाव लोटणारा मनुष्य कमी झाला, तेव्हा त्याने दिलेल्या नावांचे घरटेच मोडले. कोशांत ती नावे सुरक्षित आहेत, हे खरे. तथापि कोशातील शब्द आणि पेंढा भरून काचेच्या पेटीत ठेवलेला पक्षी यांत फार अंतर नाही.